रेंडर काळपट येतोय? आधी मॉनिटर सरळ करा, मग लाइटला हात लावा

ब्लेंडर, टेराजेन वगैरे थ्रीडी सॉफ्टवेअर घेऊन नुकतंच लँडस्केप करायला लागलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते. रेंडर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवून दिलेलं तयार चित्र, माझ्या स्क्रीनवर एकदम भारी दिसतं आणि ग्रुपवर टाकलं की चार जण म्हणतात, "अरे डार्क आहे रे, खालचं काहीच दिसत नाहीये". मग तो बिचारा सूर्याची स्ट्रेंग्थ वाढवतो, आकाश पांढरंफटक होतं, ते सावरायला कॉन्ट्रास्ट वाढवतो, आणि सगळं फिरून पुन्हा तिथेच येतं. यात लाइटिंगचा दोष फारच कमी वेळा असतो. नवा मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून पूर्ण ब्राइटनेसवर येतो, म्हणजे साधारण २५० ते ३५० निट्स (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), आणि आपण तोच घरी आणून रात्री अंधारात त्याच्यासमोर बसतो. एवढ्या उजेडात सावलीतला प्रत्येक दगड आपल्याला दिसत असतो म्हणून आपण सीन आणखी खाली ओढतो, आणि तीच फाइल लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाने अर्ध्या ब्राइटनेसच्या मोबाइलवर बघितली की त्याला फक्त काळं दिसतं. वजनकाटाच खोटा असेल तर भाजीवाल्याशी भांडून काय उपयोग.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मॉनिटर, मग खोली, मग आकडे, आणि डोळ्यांवर विश्वास सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे.

काय काय लागेल

- मॉनिटर, शक्यतो आयपीएस पॅनलचा (आयपीएस, टीएन, व्हीए हे स्क्रीनचे प्रकार). टीएन पॅनलवर मान जरा वर-खाली केली तरी सावल्या बदलतात, तिथे ब्राइटनेस ठरवायला बसूच नका. व्हीए पॅनलचं काळं छान असतं पण समोरून बघताना अगदी गडद शेड्स एकमेकांत मिसळून जातात.
- मॅन्युअल मोड असलेला कुठलाही कॅमेरा. स्वतःचा नसेल तर मित्राचा चालेल, एका संध्याकाळपुरता.
- क्रिटा किंवा गिंप, चित्रांवर काम करायची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.
- जमलं तर कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनवर लावून रंग आणि उजेड मोजायचं यंत्र. स्पायडर किंवा कॅलिब्राइट, जो मिळेल तो. नवा घ्यायचा तर पाच आकडी खर्च आहे, म्हणून तीन-चार जणांनी मिळून घेतलेला बरा, रोज लागत नाही.
- मऊ मायक्रोफायबर कपडा. हसू नका, मुंबईत आजूबाजूला कुठलं ना कुठलं रीडेव्हलपमेंट चालूच असतं आणि आठवड्याभरात स्क्रीनवर जी धूळ बसते ती काळा रंग राखाडी करून टाकते.

मॉनिटर अजून घ्यायचाच असेल आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर दुकानात लावलेल्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका, ते सगळं व्हिविड मोडमध्ये असतं. मेन्यू उघडून द्या म्हणा, त्यात एसआरजीबी (नेटवर सगळीकडे चालणारं रंगांचं स्टँडर्ड) मोड आहे का, तो लावल्यावर ब्राइटनेस हलवता येते का, आणि लाल-हिरवा-निळा वेगवेगळा कमीजास्त करता येतो का एवढं बघा. बऱ्याच स्वस्त मॉनिटरवर एसआरजीबी मोड लावला की ब्राइटनेस लॉक होते, मग तो मोड आपल्या कामाचा नाही. आणि बिल पक्कं घ्या.

१. आधी सगळी 'हुशार' फीचर बंद करा

विंडोजचं नाइट लाइट, एफ-लक्स, मॅकचं ट्रू टोन, लॅपटॉपची ऑटो ब्राइटनेस, मॉनिटरच्या मेन्यूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आय सेव्हर मोड, गेमिंग मॉनिटर असेल तर ब्लॅक इक्वलायझर किंवा शॅडो बूस्ट नावाचं जे काही असेल ते, सगळं बंद. लॅपटॉपवर बॅटरी वाचवण्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरच चित्र बघून बॅकलाइट कमीजास्त करतो, ते सेटिंग बऱ्याच जणांना माहीतच नसतं. गडद रेंडर उघडला की स्क्रीन हळूच बदलताना दिसली तर हेच कारण. विंडोजमध्ये एचडीआर चालू असेल तर तोही सध्या बंद ठेवा, नाहीतर साध्या फाइल्स धुतल्यासारख्या दिसतात.

इथेच एक मोठा सापळा आहे. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला ग्राफिक्स कार्ड कधीकधी टीव्ही समजतं आणि ० ते २५५ (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) ऐवजी १६ ते २३५ एवढीच रेंज पाठवतं. मग काळं काळं राहत नाही, धुरकट राखाडी दिसतं. उलटंही होतं, मॉनिटर लिमिटेडवर आणि कार्ड फुलवर, तेव्हा सावल्या गिळल्या जातात. कार्डच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रेंज फुल आहे का आणि मॉनिटरच्या मेन्यूतही तेच आहे का हे बघा. हे चुकलेलं असेल तर पुढचं सगळं कॅलिब्रेशन वाया.

२. खोली

पुस्तकात लिहिलेलं असतं की भिंती न्यूट्रल ग्रे हव्यात, उजेड मंद आणि स्थिर हवा. वन आरकेमध्ये कोण ग्रे भिंती करून देणार. पण पोपटी किंवा गुलाबी भिंत बरोबर मॉनिटरच्या मागे असेल तर तिथे एखादी राखाडी किंवा मळकट पांढरी चादर लावा, एवढं तर जमतं. खिडकी मॉनिटरच्या मागेही नको आणि आपल्या पाठीमागेही नको, बाजूला हवी. समोरच्या बिल्डिंगची भिंत पांढरी असेल तर दुपारी तिच्यावरून जो उजेड आत येतो तो थेट उन्हापेक्षा जास्त त्रास देतो कारण तो सगळीकडे पसरतो, त्यासाठी जाड पडदा लागतोच.

घरातल्या एलईडी ट्यूबवर 'कूल डेलाइट' लिहिलेलं असेल तर ती ६५०० केल्विनच्या आसपास असते आणि आपल्याला मॉनिटरचा पांढराही तेवढाच हवाय, त्यामुळे ती ट्यूब चालेल. २७०० किंवा ३००० केल्विनचा पिवळा बल्ब लावून बसलात तर स्क्रीन विनाकारण निळी वाटेल आणि तुम्ही रेंडरमध्ये पिवळा ढकलत बसाल. ट्यूब थेट स्क्रीनवर चमकू नये, बाकी काही नाही.

आणि हे एकदा करून संपत नाही. जुलैत दिवसभर ट्यूब लावूनच बसावं लागतं, ऑक्टोबरात पडद्यामागूनही खोली उजळलेली असते. जी वेळ ठरवाल त्याच वेळी, तशाच उजेडात फायनल निर्णय घ्या. मी स्वतः फायनल एक्स्पोजर रात्रीच ठरवतो, दुपारी फक्त मॉडेलिंग आणि झाडं लावणं.

३. ब्राइटनेस १२० निट्सवर आणा

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, गार पॅनलवर घेतलेलं माप नंतर सरकतं. घरगुती खोलीसाठी १०० ते १२० निट्स हे चांगलं टार्गेट आहे. एसआरजीबीच्या मूळ स्टँडर्डमध्ये तर ८० च धरलेत, पण ते अगदी मंद खोलीसाठी.

कलरीमीटर नसेल तर कॅमेऱ्याने असं मोजा. क्रिटामध्ये पूर्ण पांढरी फाइल बनवून फुल स्क्रीन करा, खोलीतला लाइट बंद करा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ ५.६, शटर १/३० ठेवा आणि फ्रेममध्ये फक्त पांढरी स्क्रीन येईल इतकं जवळ जा. फोकस नाही झाला तरी चालेल. आता मॉनिटरची ब्राइटनेस खाली आणत जा, कॅमेऱ्याच्या मीटरचा काटा बरोबर शून्यावर आला की तुमची स्क्रीन १२० निट्सच्या आसपास आहे. शटर १/२५ ठेवून शून्य आला तर १००, १/२० ला ८०. कॅमेऱ्याचं मीटर ज्या गणितावर चालतं त्यातूनच हे आकडे येतात. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण ३०० वरून १२० वर यायला हे पुरेसं आहे.

पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल की मॉनिटर खराब झाला. स्लायडर वीस-तीसच्या घरात येईल आणि सगळं मेल्यासारखं दिसेल. दोन-तीन दिवस तसंच ठेवा, परत वर नेऊ नका, डोळ्यांना सवय होते. खात्री करायची असेल तर ट्यूबच्या उजेडात ए-फोरचा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवरचं पांढरं पान कागदासारखं वाटलं पाहिजे, ट्यूबलाइटसारखं नाही.

४. काळा, पांढरा आणि मधला

यासाठी पट्ट्या स्वतःच बनवा, पाच मिनिटांचं काम आहे. काळ्या बॅकग्राउंडवर, म्हणजे ०,०,० वर, २, ४, ६, ८, १० अशा व्हॅल्यूचे चौकोन ओळीने ठेवा. दुसऱ्या फाइलमध्ये २५५ च्या पांढऱ्यावर २५३, २५१, २४९, २४७. अंधाऱ्या खोलीत काळ्यातला ४ किंवा ६ चा चौकोन जेमतेम दिसला पाहिजे, पांढऱ्यातला २५१ पुसट दिसला पाहिजे. १० सुद्धा दिसत नसेल तर सावल्या गिळल्या जातायत, परत पहिल्या पायरीवर जाऊन रेंज तपासा. २ चा चौकोन ठळक दिसत असेल तर मॉनिटर काळा वर उचलतोय, बहुतेक तो शॅडो बूस्ट राहून गेलाय. पांढऱ्यातलं काही दिसत नसेल तर मॉनिटरचं कॉन्ट्रास्ट कमी करा. त्याला हात लावायची वेळ एवढीच, बाकी ते फॅक्टरी सेटिंगवर राहू द्या.

मग गामा, म्हणजे काळ्या आणि पांढऱ्यामधले टोन किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा. एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेषांचा मोठा चौकोन करा आणि त्याच्या मधोमध १८६ च्या सपाट राखाडीचा छोटा चौकोन ठेवा. १०० टक्के झूमवर उघडा, विंडोजचं स्केलिंग मध्ये येत नाही ना ते बघा, आणि चार-पाच फूट मागे जाऊन डोळे बारीक करून बघा. गामा २.२ असेल तर मधला चौकोन रेषांमध्ये विरघळून जातो. चौकोन उजळ दिसला तर गामा कमी आहे, गडद दिसला तर जास्त. मॉनिटरच्या मेन्यूत गामाचे दोन-तीन पर्याय असतात, ते बदलून बघा. नाहीतर विंडोजच्या सर्चमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' टाका, तिथल्या स्लायडरने होतं. नवख्यांना १२८ ही अर्धी ब्राइटनेस वाटते. प्रकाशाच्या हिशोबाने अर्धा उजेड १८६-१८८ ला येतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

५. कलरीमीटर मिळाला असेल तर

डिस्प्लेकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मीटरसोबत येणारं सॉफ्टवेअरही चालतं. टार्गेट तीनच: व्हाइट पॉइंट डी६५ (म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा), गामा २.२, ब्राइटनेस १२०. मीटर लावून आधी मॉनिटरच्या मेन्यूतले लाल-हिरवा-निळा हलवून पांढरा जेवढा जवळ आणता येईल तेवढा आणा, उरलेलंच सॉफ्टवेअरवर सोडा. सगळं काम सॉफ्टवेअरवर टाकलं की आठ बिटच्या पॅनलवर शेड्स कमी पडतात आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात, आणि लँडस्केपमध्ये अर्धी फ्रेम आकाशच असतं. बॅकलाइटचा प्रकार विचारला तर अंदाजाने टिक करू नका, मॉनिटरच्या स्पेसिफिकेशनमध्ये साधा एलईडी आहे की वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) ते बघा.

वाइड गॅमट मॉनिटर असेल आणि प्रोफाइल (मॉनिटरचे रंग कसे आहेत ते सांगणारी फाइल) नीट बसलेली नसेल तर पावसाळ्यातला हिरवा निऑन दिसतो. तो बघून तुम्ही सॅच्युरेशन कमी करता आणि बाकी सगळ्यांना वाळलेलं गवत दिसतं.

जुना मीटर कोणाकडून घेताना मॉडेल किती जुनं आहे विचारा. काही जुन्या मॉडेल्सचे फिल्टर दमट हवेत खराब होतात आणि आपली हवा तुम्हाला माहीतच आहे. स्वतःचा असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

६. ब्लेंडरमध्ये काय तपासायचं

कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे सीनमधला उजेड स्क्रीनच्या रंगांत बदलणारं सेटिंग, काय आहे ते बघा. २.८० पासून, म्हणजे २०१९ पासून डिफॉल्ट फिल्मिक होता, २०२३ मध्ये ४.० आलं तेव्हापासून एजीएक्स आहे. जुनं ट्युटोरिअल लावून नव्या व्हर्जनमध्ये तेच आकडे टाकले तर तसंच दिसणार नाही, त्यात तुमची चूक नाही. हे दोन्ही ट्रान्सफॉर्म हायलाइट दाबतात म्हणून पहिल्या नजरेत चित्र सपाट वाटतं, आणि नवखा माणूस लगेच लाइट वाढवतो. लाइट वाढवू नका, लुकमध्ये जाऊन मीडियम हाय कॉन्ट्रास्ट लावून बघा.

कमीजास्त करायचं ते एक्स्पोजर. स्काय टेक्स्चर लावलं की बहुतेक वेळा सगळं पांढरंफटक होतं, तिथेही सूर्य कमी करण्याऐवजी एक्स्पोजर खाली आणा, म्हणजे ऊन आणि सावली यांचं नातं बिघडत नाही.

७. सीनमध्ये राखाडी गोळा ठेवा

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच टाळतात. समजा तुम्ही पावसाळ्यानंतरचा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा करताय. कड्याच्या अलीकडे, कॅमेऱ्याला दिसेल आणि ऊन लागेल अशा जागी एक गोळा ठेवा. मटेरियलचा बेस कलर तिन्ही चॅनलला लिनिअर ०.१८ (म्हणजे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा राखाडी), रफनेस १, स्पेक्युलर ०. व्ह्यू ट्रान्सफॉर्म तात्पुरता स्टँडर्डवर घ्या, रेंडर करा आणि सॅम्पल टूलने गोळ्याचा सूर्याकडे तोंड असलेला भाग मोजा. तिथे एसआरजीबीत ११८-११९, म्हणजे ०.४६ च्या आसपास येईपर्यंत फक्त एक्स्पोजर हलवा. झालं, फोटोग्राफर ज्याला बरोबर एक्स्पोजर म्हणेल तिथे तुम्ही आलात. आता एजीएक्सवर परत जा आणि गोळा लपवा, डिलीट करू नका.

यानंतरही गवत चमकत असेल किंवा कातळ काळाकुट्ट असेल तर दोष लाइटचा नाही, मटेरियलचा. आणि इथे एक मजेशीर सापळा आहे. नेटवर गवताचा अल्बेडो, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला किती परत फेकला जातो तो आकडा, शोधला की ०.२५ च्या आसपास आकडा मिळतो. तो हवामानवाल्यांचा आकडा आहे, त्यात इन्फ्रारेड धरलेलं असतं आणि झाडंझुडपं इन्फ्रारेड प्रचंड परत फेकतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात हिरवळ जेमतेम ५ ते १० टक्के परत देते. ०.२५ म्हणजे एसआरजीबीत १३७, आणि ०.०८ म्हणजे ८०, फरक बघा. त्या एका आकड्यामुळे सह्याद्रीचं पठार क्रिकेटच्या टर्फसारखं दिसतं. बाकी ढोबळ हिशोब असा: ताजा बर्फ ०.८ ते ०.९, कोळसा ०.०४, कोरडा बेसॉल्ट ०.१ च्या आसपास आणि ओला झाला की आणखी गडद. पूर्ण ० आणि पूर्ण १ निसर्गात नसतात, मटेरियलमध्येही टाकू नका. मोबाइलने काढलेला कातळाचा फोटो टेक्स्चर म्हणून लावत असाल तर त्यात सावली आधीच आलेली असते, तिच्यावर रेंडरची सावली पडली की ती जागा दुप्पट काळी होते.

८. हिस्टोग्रॅम वाचा, पण त्याचे गुलाम होऊ नका

हिस्टोग्रॅम, म्हणजे चित्रात गडद ते उजळ पिक्सेल किती आहेत ते दाखवणारा आलेख, डावीकडून उजवीकडे पूर्ण भरलाच पाहिजे असं कोणीतरी शिकवून ठेवलंय. उन्हातल्या सीनला ते ठीक आहे. पण धुक्यात बुडालेल्या कड्याला खरा काळा कुठून येणार, मधल्या हवेनेच तो उचललेला असतो, तिथे हिस्टोग्रॅम मधोमध गोळा झालेला दिसणं हेच बरोबर. लेव्हल्स ओढून तो ताणलात की धुकं गेलं आणि कडा कार्डबोर्डचा झाला. याउलट भर दुपारच्या सीनमध्ये ढगाची कडा सोडून आकाशाचा मोठा तुकडा २५५ ला चिकटला असेल तर ती चूक. ब्लेंडरमध्ये फॉल्स कलर व्ह्यू आहे तो लावून बघा, राखाडी म्हणजे मधला टोन, निळ्याकडे गेलं की अंधार, पिवळा-लाल म्हणजे उजेड, आणि पांढरं म्हणजे हाताबाहेर गेलेलं.

रात्रीच्या सीनला मात्र कुठलंच माप नाही. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) घरात आणि पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, आणि आपला आयपीएस मॉनिटर जेमतेम १००० ला १ एवढाच कॉन्ट्रास्ट देतो. त्यामुळे चांदणं 'खरं' दाखवायचा हट्ट सोडा. कड्याची कडा आकाशावर सुटी दिसली, सावल्यांत १५-२० च्या आसपास काहीतरी शिल्लक राहिलं, रंग उतरवले, की रात्र वाटते.

९. डोळ्यांची फसवाफसवी

काळ्या थीममध्ये रेंडर बघितला की तो उजळ वाटतो, तोच पांढऱ्या पानावर टाकला की सावल्या बसल्यासारख्या वाटतात. एमआयटीच्या एडवर्ड एडेल्सन यांचं १९९५ चं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र बघा, त्यातले दोन चौकोन अगदी एकाच व्हॅल्यूचे आहेत आणि ते कळूनही डोळे मानत नाहीत. म्हणून फायनल ठरवताना व्ह्यूअरचं बॅकग्राउंड मधल्या राखाडीवर ठेवा. तासभर एकाच सीनकडे बघितल्यावर डोळे त्यालाच नॉर्मल समजतात, तेव्हा उठा, चहा करून आणा, मग ब्लॅक अँड व्हाइट करून अंगठ्याएवढ्या थंबनेलमध्ये बघा. तेवढ्यात कडा, दरी आणि आकाश वेगळे कळले तर ठीक.

१०. बाहेर पाठवताना

आकाशाचे पट्टे टाळायला डिदर (शेड्समध्ये बारीक दाणे मिसळणारं सेटिंग) चालू ठेवा, मास्टर फाइल १६ बिटमध्ये सेव्ह करा, नेटवर टाकायची कॉपी एसआरजीबी प्रोफाइल एम्बेड करून. दोन-तीन मोबाइलवर बघा, पण त्यांचा डिस्प्ले मोड नॅचरल करून आणि ब्राइटनेस मधोमध ठेवून. व्हिविडवर बघून परत रंग बदलायला बसू नका. व्हॉट्सअॅपवर दाखवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की गडद भागात ठोकळे पडतात आणि परत तेच, "डार्क आहे रे".

प्रिंट काढणार असाल तर मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर छोटी टेस्ट पट्टी मागा, सावलीचा भाग त्यात येईल असा. पट्टी काळी आली तर प्रिंटवाल्याशी वाद घालण्याआधी मॉनिटर ८०-१०० निट्सवर आणून तीच फाइल परत बघा, आणि पट्टी ट्यूबच्या चांगल्या उजेडात धरा. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. मीटरवाल्यांनी महिन्यातून एकदा माप परत घ्यावं, कॅमेरावाल्यांनी निदान पावसाळा सुरू होताना आणि संपल्यावर.